चांदावरचं पेव

कादर, ज्यांनी तुला पारावर तोडलं त्यांच्यात एक तुझा वाचक होता. तुझंच पुस्तक त्याच्या घरी पडलेलं होतं, परत करायचे दिवस कधीच उलटून गेले होते, आणि मरतानाही तुला तेच आठवलं. मला त्याचा अजून राग येतो. माणसं कुऱ्हाडी घेऊन समोर उभी आहेत आणि तू पुस्तकाची चौकशी करतोस. दुसरं काही सुचलं नाही का रे तुला?

तुझ्यावर लिहायला बसलोय खरा, पण धड काही लिहून होईल असं वाटत नाही. दंडावरची जखम अजून ओली आहे, माशा बसतात. तू कुठं जन्मलास, तुझा बाप काय करायचा, हे सांगायला कळंबात कुणी उरलंय का तेही मला ठाऊक नाही, कारण तुझी गल्लीच जळाली. ते राहू दे. मला फक्त तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि तू भांडणातून मध्येच उठून जाणारा माणूस नव्हतास.

तुझा धंदा जिल्दसाजाचा, पुस्तकं बांधायचा. शाळेची पुस्तकं, कचेरीची बाडं, मशिदीतले ग्रंथ, देवळातल्या पोथ्या, सगळं तुझ्याकडं शिवायला यायचं. शिवून ठेवलेलं एखादं पुस्तक न्यायला कुणी आलंच नाही की ते तुझ्या पत्र्याच्या पेटीत जायचं. बाजारच्या दिवशी ती पेटी चिंचेखाली उघडून तू बसायचास आणि पुस्तकं भाड्यानं द्यायचास. एका बाजूला मिरच्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला दोरखंडवाला, मध्ये तू. आपण दोघंही निजामाच्या शाळेत उर्दूतच शिकलो, त्यामुळं मला ती पेटी सगळीच्या सगळी वाचता यायची. आमच्या गावात मला लोक 'बुकवाला भानुदास' म्हणायचे, आणि त्यात कौतुक नव्हतं.

चांद-ताऱ्यांच्या पुस्तकांचं वेड मला तुझ्याआधी लागलं, एवढं तू कबूल करायचास. यंत्रात बसायचं, खालून आग सोडायची, मंगळावर उतरायचं, तिथला राक्षस मारायचा, तिथल्या राणीशी लग्न लावायचं आणि सणाला घरी परत. असली पुस्तकं मी अधाशासारखी वाचली. तू तोंड वाकडं करायचास. कुणीही पेटीपाशी येऊन "आस्मानातलं काहीतरी द्या" म्हणालं की तू चष्म्यावरून त्याच्याकडं बघायचास आणि विचारायचास, "जायचंय का जगायचंय?"

लोक गोंधळून जायचे. बहुतेक जण म्हणायचे, जायचंय. मग तू त्यांना जाण्याचं पुस्तक द्यायचास आणि त्याच्याखाली हळूच जगण्याचंही सरकवायचास. जाण्याच्या पुस्तकात यंत्र शेवटपर्यंत झकास चालायचं. जगण्याच्या पुस्तकात ते सुरुवातीलाच मोडायचं, आणि मग पुढचं सगळं पुस्तक पाणी किती उरलं, हवा किती उरली, अंगावरचं फाटलं तर कशानं शिवायचं, ह्यात जायचं. "यंत्र चालू हाय तवर माणूस कळतच न्हाय रे," तू म्हणायचास. मी म्हणायचो, मला माणूस कळून घ्यायचा नाही, मला मंगळ बघायचाय. तू म्हणायचास, "मंगळावर जाऊन बी तू जोंधळ्याचा भाव इचारशील."

भूमचा तो शेतकरी आठवतो का? त्यानं आकाशातलं काहीतरी मागितलं आणि तू त्याला मंगळावरच्या कोरड्या मुलखात पाणी शोधत हिंडणाऱ्या माणसाची कादंबरी दिलीस. पुढच्या बाजारी त्यानं ती पेटीवर आपटली. "ह्यात काय नवल सांगितलंय? हे तर आमी रोजच करतो," म्हणाला. तू त्याचं भाडं घेतलं नाहीस, उलट त्यालाच विचारत बसलास, की तू त्या जागी असतास तर कुठं खणलं असतंस. दोघांनी काडीनं मातीत मंगळाचा नकाशा काढला. मिरच्यावाली ओरडली तेव्हा कुठं उठलात. आणि वाशीचा तो कापडवाला, जो धूमकेतूच्या बर्फात एकटी अडकलेल्या बाईची गोष्ट वाचून दुकानात रडला, त्यानं तर पुढं राण्यांची पुस्तकं मागितलीच नाहीत.

पुस्तक कुणाला द्यावं ह्याचा तुझा एक नियम होता. पोट भरून आलेल्याला जगण्याचं पुस्तक द्यायचं नाही, त्याला झोप लागते. उपाशी असलेल्यालाही द्यायचं नाही, त्याला संताप येतो. जेवायला थोडा वेळ आहे आणि भूक लागायला लागलीय, अशा माणसाला द्यायचं. मी तुझी ह्यावरून लई थट्टा केली. आता तुझी पेटी माझ्या ओसरीवर आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडं बघताना मी हेच बघत असतो, ह्याला कितपत भूक लागलीय.

पण आपलं खरं भांडण एकाच पुस्तकावरचं. त्याला पुठ्ठा नव्हता, नाव नव्हतं, लिहिणाऱ्याचा पत्ता नव्हता आणि शेवटची पानंही नव्हती. कुठल्याशा इंग्रजी पुस्तकाचं उर्दू केलेलं असावं. दोन माणसं चंद्रावर उतरतात, यंत्र मोडतं. ते जमिनीत खड्डा खणतात, वरून झाकण बसवतात आणि आत राहतात. दुसरं यंत्र न्यायला येणार असतं, पण तोवर पुरेल एवढी हवा एकालाच असते. मग एक दिवस दुसरा झोपलेला बघून पहिला झाकण उघडून बाहेर निघून जातो. पुढचं सगळं पुस्तक आत राहिलेल्याचं. तो कसा जगतो, काय खातो, स्वतःशी किती बोलतो. शेवटी त्याला जमीन हादरल्यासारखी वाटते, तो वरच्या झाकणाला हात लावतो, आणि तिथंच पानं संपतात.

त्याचं 'चांदावरचं पेव' हे नाव मी ठेवलं. तो खड्डा हुबेहूब आमच्या अंगणातल्या पेवासारखा होता. जोंधळा साठवायला जमिनीत खोदलेलं, तोंड एका माणसाच्या खांद्याएवढं, आत गेलं की रुंद. आणि पेव उघडल्या उघडल्या आमच्याकडं कुणी उतरत नाही. आधी दोरीला बांधून दिवा सोडतात. दिवा विझला तर आत मरण आहे. त्या चंद्रावरच्या शहाण्यानंही खड्ड्यातली हवा दिवा लावूनच पाहिली होती. ते पान दाखवताना तुला कोण आनंद झाला होता. "बघ भान्या, चांदावर बी आपलीच पद्धत!"

मला तो बाहेर गेलेला माणूस कधीच पटला नाही. मूर्ख आहे, म्हणायचो मी. दोघं मिळून काहीतरी केलं असतं. अर्धी अर्धी हवा घेतली असती, कमी बोलले असते, मार्ग निघाला असता. ह्यावर तू चिडायचास. "हवा काय भाकर हाय का, अर्धी-अर्धी करायला? दोघं राहिले असते तर दोघं मेले असते." मी म्हणायचो, मग मरायचं दोघांनी. तू म्हणायचास, "तू मर. तुला पुस्तकातलं काय बी कळत न्हाय." आणि वर, आत राहिलेला शेवटी सुटतो की नाही ते तू मला सांगायचा नाहीस. घाबरट गिऱ्हाइकाला सांगायचास, सुटतो. फुशारकी मारणाऱ्याला सांगायचास, मरतो. मला सांगायचास, "तुझं तू ठरव." शेवटची पानं फाटायच्या आधी तू ती वाचलीस का, हेसुद्धा मला तुझ्याकडून काढता आलं नाही.

मग तो उन्हाळा आला. निजामाचं राज्य जाणार, अशी कुणकुण लागली आणि बंदुका घेतलेल्या टोळ्या गावोगाव फिरायला लागल्या. आज ह्या गावाची होळी, उद्या त्या गावाची. भर दुपारी तू कळंबहून धावत आलास. पायात चपला नव्हत्या. "आज तुमच्या गावावर हायेत," एवढंच म्हणालास. तोवर वेशीकडून बंदुकीचा आवाज आलाच.

अंगणातलं पेव आम्ही नुकतंच रिकामं केलं होतं. मी सोनाला, माझ्या बायकोला, ओढत तिकडं नेलं आणि झाकण बाजूला करून उडी मारणार, तेवढ्यात तू माझ्या मुस्काटात मारलीस. जन्मात पहिल्यांदा. "आदी दिवा!" तू ओरडलास. दिवा सोडला तर तळाशी जाऊन विझला. वेशीवर किंकाळ्या सुरू झाल्या होत्या. तू माझ्या खांद्यावरची घोंगडी हिसकावलीस, दोरीला बांधलीस, पेवात सोडलीस आणि वरखाली उपसायला लागलास, विहिरीतून पाणी काढावं तशी. दोघं मिळून उपसत होतो. आतली कुजकी हवा तोंडावर येत होती. परत दिवा सोडला, विझला. परत घोंगडी. शेजारच्या आळीतून धूर निघायला लागला तेव्हा कुठं दिवा तळाशी टिकला. मग मी आणि सोना उतरलो. तू वरून फट ठेवून शिळा लावलीस, तिच्यावर कडबा टाकलास आणि त्या कडब्यावर बसलास.

आम्हाला दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. शेजारच्या सोपानला त्यांनी त्याच्याच दारात गोळी घातली, त्याची आई ओरडत होती आणि मग ओरडायची थांबली. आमच्या अंगणात बुटांचे आवाज आले. कुणीतरी विचारलं, घरातले लोक कुठं गेले. तू उर्दूत म्हणालास, पळाले, मी माझी पुस्तकं परत न्यायला आलोय. त्यांना ते खरं वाटलं नाही. तू त्यांच्यातला असून आमच्या अंगणात का, ह्याचाच त्यांना जास्त राग होता. मग मारायला लागले. बंदुकीच्या दस्त्यानं मारल्याचा आवाज कसा येतो ते मी आता ओळखतो. एकानं तुझा उजवा हात कडब्यावर दाबून धरायला सांगितला. बोटं मोडली त्याचा आवाज आमच्या डोक्यावरच झाला. सोनानं माझ्या तोंडावर हात दाबून धरला होता, आणि मी तिचा हात चावत होतो. तू एक शब्द सांगितला नाहीस. कडब्याखाली काय आहे ते त्यांनी बघितलं नाही, कारण कडब्यावर तुझं रक्त होतं आणि तू त्याच्यावर आडवा पडला होतास.

ह्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. सोना बोलली, "भावजी, हे कसं फेडायचं?" म्हणाली, तर तू म्हणालास, "वहिनी, भान्याला सांगा पुस्तकं येळेवर परत करायला." मी तिथंच बसलो होतो. मी म्हणालो, पावसाचं काय वाटतं यंदा. 

बोटं वाकडीच जुळली. तरी तू डाव्या हातानं शिवायला लागलास. मी पुस्तक दाबून धरायचो, तू सुई घालायचास, दोरा वाकडा जायचा आणि तू मलाच शिव्या द्यायचास, नीट धर म्हणून. 'चांदावरचं पेव' पुन्हा शिवलंस ते तेव्हाच. पाठीवरचे टाके असे तिरपे गेले, की पुस्तक उघडलं की एका बाजूला कलायचं. नंतर ते पुस्तक तू पलीकडच्या गावच्या बापूला दिलंस. त्याचा थोरला भाऊ टोळीनं मारला होता. बाजारात येऊन तो चिंचेखाली नुसता बसून राहायचा. मी म्हणालो, ह्याला कशाला जगण्याचं पुस्तक? हा तर उपाशी आहे. तू म्हणालास, "हेला भूक न्हाय रे. हेला हवा कमी पडायलीय." तो पुस्तक घेऊन गेला आणि परत बाजाराला आलाच नाही.

पाऊस संपत आला आणि फौज आली. राज्य बदललं. आम्ही गूळ वाटला, तूही खाल्लास. मला वाटलं, सुटलो. दोन्ही बाजूंनी जेवढं मरायचं होतं तेवढं मरून झालं. पण आता आमची माणसं निघाली. उन्हाळ्यात ज्यांची घरं जळाली होती तेच, आणि ज्यांचं काहीच जळलं नव्हतं तेही. कुऱ्हाडी, कोयते, कडब्याचे पेटते बोळे. टोळीत कोण होतं आणि कोण नव्हतं, हे कुणी विचारत नव्हतं. तुझी गल्ली पेटली त्या सकाळी तू झुबेदाभाभीला घेऊन माझ्याकडं आलास. बाकी सगळं सोडून डोक्यावर पेटी आणली होतीस. मी म्हणालो, गाढवा, पेटी कशाला? तू म्हणालास, "तुझं काय गेलं? डोकं माझं हाय."

मी म्हणालो, सोलापूरकडं निघा, मी गाडी जोडतो. पण माणसं उभ्या पिकातूनच येत होती, शेताची बाजू बंद झाली होती. गावात घरोघर झडती सुरू झाली. बुरूज, माळे, गोठे, काही सोडत नव्हते. राहिलं होतं ते पेव.

आणि पेव निम्मं भरलेलं होतं. सरकारी वसुलीच्या भीतीनं साऱ्या गावानं केलं तेच मीही केलं होतं. पावसाच्या तोंडावर ओलसर जोंधळा घाईघाईनं आत ओतून वर शेणमातीनं लिंपून टाकला होता. आम्हा पेववाल्यांशिवाय दुसरं कुणी हा वेडेपणा करणार नाही. ओला दाणा आत कुजतो आणि सगळी हवा खाऊन टाकतो. लिंपण फोडलं तर असा वास आला की सोना मागं सरली. तू दिवा सोडलास. विझला. घोंगडी उपसली, हात तुटेस्तोवर उपसली. विझला. खालून दाणाच नवी घाण हवा सोडत होता. शेवटी तू दिवा हळूहळू सोडत गेलास, कुठं विझतो ते बघत. पेवाच्या गळ्यापाशी, तोंडापासून पुरुषभर खाली, ज्योत टिकत होती. त्याच्या खाली नाही.

तिथं एकच माणूस मावतो. हे तुला दिसलं आणि मलाही दिसलं. आपण एकमेकांकडं बघितलं, आणि तू काय म्हणणार ते मला आधीच कळलं. मी म्हणालो, "कादर, न्हाय. दोघं बसा. दाटीवाटीनं बसा." तू मोटेचा नाडा, तो जाड दोर, घेऊन त्याची बैठक बांधत होतास, डाव्या हातानं, दातानं गाठ ओढत. "हवा भाकर न्हाय रे," म्हणालास.

भाभी नाही म्हणत होती. "मैं नई जाती, तुम उतरो," म्हणत होती. तू तिला उचललंस आणि बैठकीत बसवलंस, जशी लहान पोर पाळण्यात बसवतात, आणि पेटता दिवा तिच्या हातात दिलास. "हलू नक्को, बात नक्को कर, दिया देखते बैठ," एवढंच बोललास तिच्याशी. नाड्याचं टोक लाकडाला बांधलं, लाकूड तोंडावर आडवं टाकलं, कडबा पसरला. मग पेटी सोनाच्या पायाशी ठेवलीस. मला म्हणालास, "चांदावरचं पेव बापूकडं हाय. तेवढं आण." आणि अंगणाचं दार उघडून बाहेर चालायला लागलास, पाराच्या दिशेनं, जिथं ते सगळे जमले होते. इथं कुणी शोधायला येऊ नये, म्हणून.

मी मागं धावलो. तुझ्या पुढं उभा राहिलो, हात पसरून. ओळखीची तोंडं होती सगळी. माझ्या मामाच्या गावचे लोक होते. मी नावानं हाका मारत होतो, अरे हा कादर, ह्यानं मला वाचवलं, ह्याची बोटं बघा. कुणीतरी म्हणालं, "बाजूला हो भानुदासा, तू बी त्यातलाच का?" आणि माझ्या दंडावर कोयता बसला. मी पडलो. पडल्या पडल्या मला बापू दिसला, पहिल्या रांगेत, हातात कुऱ्हाड घेतलेला. तुलाही तो दिसला. तू त्याच्याकडं बघून, बाजारात बोलायचास त्याच आवाजात म्हणालास, "बापू, पुस्तक वाचून झालं का?"

त्याची कुऱ्हाड खाली आली, म्हणजे जमिनीवर पडली. त्यानं नाही मारलं तुला. त्याच्या मागच्यानं मारलं. मग बाकीच्यांनी. मला डोळे मिटता आले नाहीत. तुझा चष्मा माझ्या हाताशी येऊन पडला होता, आणि मी तो उचलून खिशात ठेवत होतो, कुणी त्याच्यावर पाय देऊ नये म्हणून. ते थकेपर्यंत मारत होते, कादर. मेलेल्या माणसाला एवढं मारायला काय लागतं, मला माहीत नाही. मग ते दुसऱ्या गावाकडं निघून गेले. आमच्या घराची झडती कुणी घेतली नाही.

भाभीला वर काढलं तेव्हा ती बोलत नव्हती. तिच्या हातातला दिवा जळत होता.

तुला पुरायला दर्ग्यावरच्या म्हाताऱ्या मुजावराशिवाय कुणी नव्हतं. खड्डा मी आणि सोनानं खणला, माझा एकच हात चालत होता. बाईनं कबर खणू नये, असं म्हातारा पुटपुटला आणि मग स्वतःच माती ओढायला लागला.

भाभी आता आमच्याकडंच आहे. नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीत बसलीय, आतल्या खोलीत. परक्या पुरुषापुढं यायचं नाही, म्हणून माझ्यापुढंही येत नाही, आणि मी तो उंबरा ओलांडत नाही. सोना आत-बाहेर करते. गावात दोघा-चौघांनी मला सुनावलं, हिला तिच्या लोकांत धाडून दे. तिचे लोक कुठं आहेत, विचारलं, तर आपापल्या वाटेला लागले. भाभी जेवत नव्हती. सोना घास भरवायची आणि ती तोंडात धरून बसायची. हिला आता हळूहळू मरायचंय, असं सोना म्हणाली. तुझ्यामागं तेवढं एकच माणूस उरलं, आणि तेही माझ्या घरात विझायला लागलं. मला दुसरी कसली चिंता नव्हती.

मग एक दिवस दाराआडून तिचा आवाज आला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. "भाईसाब, उनो बोलते थे, चांद पे दो आदमी रहते. एक बाहर चला जाता." मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "अंदर वाले का क्या होता फिर?"

तुझी बायको, कादर. जी तुझ्या पुस्तकांना रद्दी म्हणायची.

मी म्हणालो, पुस्तक आणतो. आणि कुऱ्हाड घेऊन निघालो. खोटं कशाला बोलू, मी पुस्तक आणायला चाललो होतो का बापूला मारायला, ते मला वाटेवर ठरवायचं होतं. तो घरातच होता. ओट्यावर बसला होता, दाढी वाढलेली. मला बघून उठला नाही की पळाला नाही. "म्या न्हाय मारलं," म्हणाला. मी म्हणालो, "तू हुतास." तो म्हणाला, "व्हय. हुतो." मग आत जाऊन पुस्तक घेऊन आला, मुंडाशात गुंडाळलेलं. "बाहीर जातो तितवर वाचलं हुतं," म्हणाला, "फुडं उघडलंच न्हाय." त्याची मान माझ्यासमोर होती. मी कुऱ्हाड उचलली आणि त्याच्या दाराच्या चौकटीत घातली, पार आतपर्यंत, आणि तिथंच सोडून आलो. तो ती काढायला आला नाही. अजून तशीच असेल.

रोज दुपारी मी ओसरीवर दाराला पाठ लावून बसायचो आणि वाचायचो. भाभी दाराआड. पुस्तक उघडलं की कलायचं, तुझे टाके. बाहेर जाण्याच्या पानाशी आलो. मी थांबलो. आतून ती म्हणाली, "पढो." मग पुढचं सगळं वाचलं. तो आतला माणूस आधी तीन पानं नुसता पडून असतो. मग उठून दिवा बघतो. मग थोडं खातो. मग बाहेर गेलेल्याचे बूट एका कोपऱ्यात नीट लावून ठेवतो. ह्या जागी भाभीनं सोनाजवळ पाणी मागितलं, आणि संध्याकाळी भाकरी खाल्ली. तुझा नियम तू बापूसाठी मोडलास आणि तुझंच बरोबर निघालं. ही उपाशी होती, तरी तिला हेच पुस्तक लागू पडलं.

काल शेवटच्या पानाशी आलो. त्याला जमीन हादरल्यासारखी वाटते, तो झाकणाला हात लावतो. मी थांबलो. ती म्हणाली, "फिर?"

मी म्हणालो, "भाभी, पुढची पानंच नाहीत." मला स्वतःचा राग आला. हिला एवढं वाचून दाखवलं आणि शेवटी असं तोंडघशी पाडलं. घाबरटांना तू सांगायचास ते सांगावं, सुटतो म्हणून, असं मनात आलं. तेवढ्यात ती म्हणाली,

"पन्ने नई, तो मरा बी नई ना उने."

 आपण इतकी वर्षं भांडलो, कादर, आणि हे आपल्यापैकी एकालाही सुचलं नाही. आतून दाराला हात टेकल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या नाहीत.

"शुरू से पढो," ती म्हणाली. मी तुझा चष्मा पुसला, माझ्या डोळ्यांना लागत नाही तरी लावला, आणि पहिलं पान काढलं.